मावशी, कॉपी केलंस की लिहिलंस?

दिवाळीच्या सुट्टीनंतर वाचनालय उघडलं त्या सकाळी खिडकीजवळच्या संगणकावर पुन्हा तीच सूचना आली. विंडोज १० ला आता सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत. १४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख मी काउंटरमागच्या कॅलेंडरवर उन्हाळ्यातच गोल करून ठेवली होती. ती उलटून गेली तरी मशिन चालू होतं आणि मुलं त्याच्यासमोर बसून फॉर्म भरत होती.

मी कराड तालुक्यातल्या एका गावच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. आमच्याकडे संगणक दोन. दोन्ही २०१४ साली घेतलेले, इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क. एकावर पुस्तकांची यादी आणि वर्गणीचा हिशेब, दुसरा वाचकांसाठी. तलाठी भरती, पोलीस भरती, शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळ्याला मुलं इथंच येतात. फॉर्म मोबाइलवरही भरता येतो, पण फोटो ठरलेल्या केबीत बसवायचा, सही स्कॅन करायची, हॉलतिकीट छापायचं, ही कामं संगणकावरच नीट होतात. आधार क्रमांक, बँकेचं खातं, पासवर्ड, सगळं त्या एका कीबोर्डवरून जातं. अपडेट बंद झालेल्या मशिनवर मुलांना हे करू द्यायला माझं मन घेईना.

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. आमची मशिनं त्यात बसत नाहीत. घरगुती वापरासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव मुदत मिळत होती, पण वाचनालयाचं मशिन घरगुती नव्हे, आणि वर्षानं हाच प्रश्न पुन्हा दारात उभा. दुरुस्तीला येणारे म्हणाले, "मॅडम, ही आता भंगारात द्या, दोन नवीन घ्या." दोन नवीन संगणकांचे पैसे अनुदानातून काढायचे तर वर्षाची पुस्तकखरेदी थांबवावी लागली असती. कार्यकारिणीत मी हा विषय नेलाच नाही. आधी दुसरी वाट आहे का ते बघायचं ठरवलं.

माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, मशिनला काहीही झालेलं नाही. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाक. एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती आहे, ४ जीबीवर छान चालते. फुकट आहे. आयएसओ डाउनलोड कर, पेनड्राइव्ह बूटेबल कर, म्हणजे त्यावरून मशिन सुरू होईल असा कर, बस्स."

त्या "बस्स"मध्ये माझे पाच दिवस गेले. ते इथं लिहिते आहे, कारण शोधायला गेलं की पायऱ्या सगळीकडे सापडतात, पण त्या पायरीवर नेमकं काय घडतं आणि का घडतं, हे मला हातानं करूनच कळलं.

पहिल्या दिवशी आयएसओ, म्हणजे अख्खी सिस्टिम जिच्यात भरलेली असते ती एकच फाइल, डाउनलोड केली. मिंट २२.२, एक्सएफसीई, ६४ बिट. फाइल तीन जीबीला थोडी कमी. वाचनालयाचं नेट त्या दिवशी बंद होतं, म्हणून मोबाइलचा हॉटस्पॉट लावला. आमच्या इमारतीत मोबाइलला धड रेंज फक्त खिडकीत मिळते. मध्ये दोनदा डाउनलोड तुटलं, मी पुन्हा सुरू केलं, संध्याकाळपर्यंत फाइल पूर्ण उतरली. पुरा आकार दिसत होता, म्हणून मी निश्चिंत झाले. हा मुद्दा लक्षात असू द्या, पुढे तो परत येणार आहे.

माझ्याकडे १६ जीबीचा पेनड्राइव्ह होता. त्यात वाचनालयाच्या वसंत व्याख्यानमालेचे फोटो होते, ते आधी दुसरीकडे काढून घेतले. दोन्ही मशिनवरचं सगळं एका बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवून घेतलं आणि ती हार्डडिस्क कपाटात कुलपात ठेवली. हे काम मी सगळ्यात आधी केलं आणि कुणीही सगळ्यात आधी तेच करावं. पेनड्राइव्हवर लिहिणारा प्रोग्रॅम निवडलेल्या ड्राइव्हवरचं सगळं पुसतो. त्या वेळी शेजारच्या पोर्टमध्ये वर्षानुवर्षांचा हिशेब असलेली डिस्क लागलेली असेल आणि यादीत चुकीच्या ओळीवर क्लिक झालं, तर परत आणणार कुठून?

मग मी आयएसओची फाइल उचलून पेनड्राइव्हवर टाकली. जशी पीडीएफ टाकतो तशी. मशिन बंद केलं, पेनड्राइव्ह लावला, चालू करताना एफ१२ दाबत राहिले. बूट मेनू आला, त्यात पेनड्राइव्हचं नाव दिसलं, ते निवडलं. काळ्या पडद्यावर, ही डिस्क बूट होणारी नाही अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ आली. कळ दाबली, विंडोज सुरू झालं. तीनदा करून पाहिलं. तीनदा तेच.

रात्री भाच्याला फोन. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मावशी, फाइल कॉपी केलीस की लिहिलीस?"

मला त्या प्रश्नाचा अर्थच लागला नाही. कॉपी करणं म्हणजे लिहिणंच ना?

त्यानं अर्धा तास समजावलं. माझ्या शब्दांत ते असं. जुन्या पद्धतीनं संगणक चालू होतो तेव्हा त्याला फाइल म्हणजे काय, फोल्डर म्हणजे काय, काहीही ठाऊक नसतं. हे ज्ञान ऑपरेटिंग सिस्टिमचं, आणि ती तर अजून जागी व्हायची आहे. जुन्या पद्धतीचा बायोस, म्हणजे मशिन चालू होताच सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम, फक्त एवढंच करतो की, डिस्कच्या अगदी सुरुवातीचे ५१२ बाइट वाचतो. त्यातले शेवटचे दोन बाइट ठरलेले असतात, ५५ आणि एए. ती खूण दिसली की समजतो, इथं चालवण्याजोगं काही आहे, आणि ताबा त्या ५१२ बाइटांतल्या छोट्याशा प्रोग्रॅमकडे देतो. तो पुढच्याला उठवतो, पुढचा त्याच्या पुढच्याला. मी आयएसओ कॉपी केली तेव्हा ती पेनड्राइव्हच्या पोटात कुठंतरी जाऊन बसली, आणि सुरुवातीचे ५१२ बाइट होते तसेच राहिले.

मी आयुष्यभर पुस्तकांत राहिलेली बाई, मला ते पुस्तकांतूनच कळलं. समजा रात्री वाचनालयात एक अनोळखी माणूस आला. त्याला वाचता येतं, पण कपाटं कशी लावलीत ते माहीत नाही. तो फक्त दाराशी टांगलेली पाटी वाचतो आणि पाटीवर लिहिलंय तिकडे जातो. मी सातव्या कपाटात मोलाचा ग्रंथ ठेवला आणि दाराशी पाटीच लावली नाही, तर त्याच्या दृष्टीनं वाचनालय रिकामं आहे. बूटेबल करायचं म्हणजे दाराशी पाटी लावायची आणि तिच्यावरचा रस्ता खरा ठेवायचा.

ही पाटी आयएसओच्या आत आधीपासून असते, हे मला त्याहून सुंदर वाटलं. आयएसओ ही मुळात सीडीची प्रतिमा. सीडीवरच्या फायलींची मांडणी आयएसओ ९६६० या मानकानं ठरते, त्यावरूनच नाव पडलं. सीडीवरून संगणक सुरू व्हावा यासाठी फिनिक्स आणि आयबीएम यांनी १९९५ साली एक पद्धत ठरवली, तिचं नाव एल टोरिटो. ती पद्धत सीडीची, पेनड्राइव्हला तिचा उपयोग नाही. पण आयएसओ ९६६० नं सीडीच्या सुरुवातीला २०४८ बाइटांचे १६ सेक्टर, म्हणजे ३२ केबी जागा, मोकळी सोडलेली आहे. पुढे लिनक्सवाल्यांनी त्याच मोकळ्या जागेत हार्डडिस्कसारखी ५१२ बाइटांची सुरुवात बसवली. त्यामुळे एकच फाइल सीडीवर जाळली तर सीडी म्हणून उठते आणि पेनड्राइव्हवर पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत जशीच्या तशी उतरवली तर डिस्क म्हणून उठते. अशा प्रतिमेला आयएसओहायब्रिड म्हणतात. कुणीतरी अनेक वर्षांपूर्वी समासात जागा सोडली होती आणि दुसऱ्या कुणीतरी ती नेमकी वापरली.

दुसऱ्या दिवशी मी रुफस उतरवलं. पीट बटार्ड नावाच्या माणसानं २०११ पासून चालवलेला, आयएसओ पेनड्राइव्हवर लिहिणारा प्रोग्रॅम, फुकट, दोन एमबीच्या आसपासची एकच फाइल, इन्स्टॉलही करावी लागत नाही. उघडलं की एकच खिडकी. वर ड्राइव्ह निवडायचा, खाली आयएसओ, त्याखाली "पार्टिशन स्कीम", म्हणजे डिस्कचे भाग कसे पाडायचे, असा एक पर्याय, एमबीआर किंवा जीपीटी. रुफसनं स्वतःहून एमबीआर निवडलेलं होतं. मी आदल्या रात्री एका व्हिडिओत ऐकलं होतं की जीपीटी नवीन आणि एमबीआर जुनं. म्हणून मी जीपीटी केलं. स्टार्ट दाबलं. त्यानं विचारलं, ही हायब्रिड प्रतिमा आहे, आयएसओ पद्धतीनं, म्हणजे आतल्या फायली उलगडून लिहू, की डीडी पद्धतीनं, म्हणजे जशीच्या तशी? आयएसओपुढे "शिफारस" असं होतं, ते ठेवलं. मग तंबी आली की या ड्राइव्हवरचं सगळं नष्ट होईल. ड्राइव्हचं नाव आणि आकार पुन्हा वाचला, १६ जीबीचाच होता, आणि होकार दिला.

हिरवी पट्टी सरकायला लागली. पेनड्राइव्ह जुना, यूएसबी २.० चा, आठ-दहा मिनिटं गेली. पट्टी भरली आणि तिच्यावर "रेडी" असा शब्द आला. मला वाटलं, आता सुरू करायला तयार आहे, म्हणजे अजून काही झालंच नाही. मी पुन्हा स्टार्ट दाबणार होते. रुफसमध्ये काम संपल्याची वेगळी घोषणा होत नाही, भरलेली हिरवी पट्टी आणि "रेडी" म्हणजेच काम झालं. हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं, म्हणून मी सांगते.

मशिन पुन्हा सुरू केलं. या वेळी पडद्यावर मोठा मजकूर आला. त्याचा आशय असा: हा ड्राइव्ह फक्त यूईएफआय पद्धतीनं सुरू होण्यासाठी बनवलेला आहे, तुम्ही तो जुन्या बायोस पद्धतीनं सुरू करायला बघताय, हे चालणार नाही. आणि त्याखाली, काय केलं तर चालेल, तेही लिहिलेलं. मला त्या रुफसवाल्याबद्दल फार आदर वाटला. चुकलेल्या माणसाला काळ्या पडद्यासमोर एकटं सोडायचं नाही, हे त्यानं आधीच मनात धरलं होतं.

भाच्यानं फोनवर उकल केली. नव्या मशिनांत बायोसच्या जागी यूईएफआय असतं. ते ५१२ बाइटांवर अवलंबून राहत नाही. त्याला फॅट पद्धतीचं पार्टिशन वाचता येतं आणि ते त्यात "ईएफआय" फोल्डर, त्यात "बूट" फोल्डर आणि त्यात ठरलेल्या नावाची एक फाइल शोधतं. म्हणजे हा पाहुणा दाराची पाटी न वाचता थेट ठरलेल्या कपाटातल्या ठरलेल्या कप्प्यात हात घालतो. आमची मशिनं अशी की दोन्ही पद्धती येतात, पण २०१४ मध्ये त्यांवर विंडोज जुन्या पद्धतीनं टाकलेलं होतं आणि सेटिंगही तसंच ठेवलेलं. सेटिंग बदलता आलं असतं, पण मग काम पुरं होण्याआधी विंडोज उठेनासं झालं असतं आणि हिशेबाचं मशिन मला रोज लागतं. म्हणून मशिन होतं तसं ठेवून पेनड्राइव्ह बदलायचा. एमबीआर निवडलं की रुफस दोन्ही पाहुण्यांची सोय करतं, दाराशी पाटीही आणि कप्प्यात फाइलही. ते त्यानं आपणहून निवडलेलं होतं, आणि व्हिडिओच्या नादानं मी बदललं.

तिसऱ्या दिवशी एमबीआर. पुन्हा आठ-दहा मिनिटं. मशिन सुरू केलं, एफ१२, पेनड्राइव्ह. मिंटचा मेनू आला! "स्टार्ट लिनक्स मिंट" निवडलं, हिरवं चिन्ह आलं. वाचनालयात त्या वेळी दोन मुलं अभ्यासाला बसली होती, तीही उठून मागे येऊन उभी राहिली. चिन्ह तसंच राहिलं. पाच मिनिटं. मग पडदा काळा होऊन पांढऱ्या अक्षरांच्या ओळी वर सरकायला लागल्या, एकीखाली एक, आणि प्रत्येकीत "स्क्वॉशएफएस एरर" हे शब्द. त्यापुढे काहीच नाही. मी मशिन बंद केलं. मुलं आपल्या जागेवर गेली. त्या दुपारी मला वाटलं, दुरुस्तीवाले म्हणत होते तेच खरं, मशिन थकलंय.

रात्री भाच्यानं दुसरा प्रश्न विचारला. "मावशी, हॅश जुळवलास का?"

मिंटच्या डाउनलोडबरोबर एक छोटी मजकूर फाइल मिळते. तिच्यात प्रत्येक आयएसओच्या नावापुढे ६४ अक्षरांची एक माळ असते, ० ते ९ हे अंक आणि ए ते एफ ही अक्षरं. हा त्या फाइलचा एसएचए-२५६ हॅश. तीन जीबीची फाइल एका ठरलेल्या गणितातून काढली की शेवटी या ६४ खुणा उरतात. फाइलमधला एक बाइट जरी बदलला तरी अख्खी माळ बदलते. विंडोजमध्ये हे पाहायला वेगळं काही घालावं लागत नाही. कमांड प्रॉम्प्ट उघडून "सर्टयुटिल" ही आज्ञा, तिच्यापुढे "हॅशफाइल", फाइलचं नाव आणि "एसएचए२५६" असं दिलं की मिनिटभरात माळ समोर येते.

मी संकेतस्थळावरची माळ कागदावर उतरवून घेतली, चार-चार अक्षरांचे गट पाडून. दाखल नोंदवहीतल्या क्रमांकाशी पुस्तकावरचा क्रमांक जुळवताना मी करते तसंच, एका बोटानं कागद आणि एका बोटानं पडदा. दुसऱ्या गटापर्यंतही जावं लागलं नाही. पहिलंच अक्षर वेगळं होतं.

तुटलेल्या हॉटस्पॉटनं कुठंतरी काही बाइट खराब उतरवले होते. आकार बरोबर, नाव बरोबर, आतला मजकूर बिघडलेला. मिंटची सगळी सिस्टिम आयएसओच्या आत एका मोठ्या दाबून भरलेल्या फाइलमध्ये असते, तिची पद्धत स्क्वॉशएफएस. नेमकी तीच फाइल फाटलेली होती. रुफसनं तिला जशी होती तशी पेनड्राइव्हवर ठेवली, त्याचं काम तेवढंच. मशिन थकलेलं नव्हतंच. हॅश जुळवायला मिनिटभर लागतं आणि तो पहिल्याच दिवशी जुळवला असता तर पुढचे दोन दिवस वाचले असते.

भाच्यानं आणखी एक सांगितलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये याच मिंटच्या संकेतस्थळात कुणी घुसलं होतं आणि १७.३ सिनॅमन आवृत्तीचा दुवा बदलून लोकांना गुपचूप आत शिरण्यासाठी मागचं दार बसवलेली आयएसओ दिली गेली. मिंटवाल्यांनी ते स्वतः उघडपणे जाहीर केलं. हॅश जुळवला तर बिघडलेली फाइल ओळखू येते, पण संकेतस्थळच बदलणारा माणूस हॅशही बदलू शकतो, म्हणून हॅशच्या फाइलवर डिजिटल सहीसुद्धा असते आणि ती वेगळ्यानं तपासता येते. सही तपासायला मला त्याची मदत लागली, ते मी स्वतःहून करू शकले असते असं म्हणणार नाही. पण मुलं बँकेचे तपशील ज्या मशिनवर घालणार, त्याच्यासाठी हे करायलाच हवं असं मला वाटलं आणि आम्ही दोघांनी तासभर बसून ते केलं.

चौथ्या दिवशी तो म्हणाला, "या वेळी टॉरेंटनं उतरव." मी दचकले. टॉरेंट म्हटलं की आमच्याकडे चोरून उतरवलेले सिनेमे एवढंच डोक्यात येतं. पण मिंट स्वतःच टॉरेंटची फाइल देतं. त्यात मोठी फाइल छोट्या तुकड्यांत येते, प्रत्येक तुकड्याचा हॅश वेगळा तपासला जातो, तुकडा बिघडला तर तेवढाच पुन्हा मागवला जातो. आमच्या खिडकीतल्या रेंजसाठी याहून योग्य काही नाही. संध्याकाळी लावून घरी गेले, सकाळी फाइल तयार होती. पुन्हा सर्टयुटिल. पुन्हा दोन बोटं. सोळा गट, एकूण ६४ अक्षरं, शेवटचं अक्षर जुळलं तेव्हा मी कागदावर बरोबरची खूण केली आणि तारीख घातली.

पाचव्या दिवशी सकाळी, मुलं यायच्या आत, एमबीआर, आयएसओ पद्धत, हिरवी पट्टी, "रेडी". विंडोज बंद करताना शिफ्ट दाबून ठेवलं. विंडोज १० साध्या "शट डाउन"मध्ये पूर्ण बंद होत नाही, पुढच्या वेळी लवकर उठावं म्हणून काही भाग डिस्कवर जपून ठेवतं. तसं असेल तर लिनक्स त्या डिस्कवर लिहायला नकार देतं, आणि ते योग्यच आहे.

एफ१२. पेनड्राइव्ह. हिरवं चिन्ह. आणि मग डेस्कटॉप.

हार्डडिस्कवर एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं. सगळी सिस्टिम पेनड्राइव्हवरून, रॅममध्ये चालत होती. याला लाइव्ह सेशन म्हणतात, आणि मला या सगळ्या खटाटोपात सगळ्यात मोलाची गोष्ट ही वाटते. घर घेण्याआधी त्यात दोन दिवस राहून पाहता येतं. मी काहीही इन्स्टॉल न करता दोन दिवस तसंच चालवलं. नेट लागलं. आवाज आला. आमचा जुना लेझर प्रिंटर यादीत दिसला आणि चाचणीचं पान छापलं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारतीय भाषांत मराठी सापडली, इनस्क्रिप्टही आणि उच्चारानुसारीही. मी इनस्क्रिप्टवर शिकलेली, पहिलं वाक्य "नवीन आलेली पुस्तकं काउंटरवर मिळतील" असं टाइप केलं. जोडाक्षरं सगळी धड उमटली.

अडलं ते एकाच ठिकाणी. युनिकोड आमच्याकडे येण्याआधीच्या काळातल्या आमच्या सूचना आणि इतिवृत्तं जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत. तो फॉन्ट नसेल तर तीच फाइल इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसते. विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधून ती फॉन्ट फाइल आणून मिंटमध्ये बसवली, तेव्हा अक्षरं परत मराठी झाली. एकोणीस वर्षांपूर्वीच्या सभेचं इतिवृत्त उघडलं, त्यात आता हयात नसलेल्या आमच्या गुरुजींचं आभारप्रदर्शन होतं. मी ते पूर्ण वाचलं. ही इतिवृत्तं युनिकोडमध्ये आणायचं काम त्याच दिवशी माझ्या यादीत लिहिलं.

मग कार्यकारिणीत विषय नेला. अध्यक्षांना खुर्चीवर बसवलं, त्यांना रोज लागतात ती तीन संकेतस्थळं उघडून दिली. ते म्हणाले, "चालतंय की. मग अडलंय काय?" वाचकांच्या मशिनवर त्याच दुपारी डेस्कटॉपवरच्या "इन्स्टॉल" चिन्हावरून मिंट कायमचं बसवलं, हिशेबाच्या मशिनवर पुढच्या साप्ताहिक सुट्टीला. त्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. विचारेल त्याची उत्तरं द्यायची, डिस्क पुसायची का या प्रश्नाशी थांबून आपली प्रत कपाटात आहे ना ते आठवायचं, आणि पुढे जायचं. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. म्हणजे २०१४ चं मशिन पंधरा वर्षं चालेल, हार्डडिस्कनं साथ दिली तर.

पेनड्राइव्ह मी मोकळा केला नाही. त्याला दोऱ्यानं एक पुठ्ठ्याचा तुकडा बांधला. त्यावर "मिंट २२.२ एक्सएफसीई, ६४ बिट, एमबीआर" असं, खाली तारीख आणि हॅशचे पहिले व शेवटचे चार-चार गट. शेजारच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी पुस्तकं बदलायला येतात. त्यांनी तो पुठ्ठा वाचला आणि विचारलं, हे काय आहे? शाळेत चार संगणक तसेच झाकून ठेवलेत, म्हणाले. मी त्यांना बसवून खिडकीजवळच्या मशिनवर लाइव्ह सेशन दाखवलं, आधी सगळं दुसरीकडे उतरवून घ्या हे दोनदा सांगितलं, आणि देवघेव रजिस्टरमध्ये त्यांच्या नावावर, दोन पुस्तकांच्या खाली, तिसऱ्या ओळीत पेनड्राइव्ह लिहिला.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्यांचा फोन आला. मागे मुलांचा गलका ऐकू येत होता.

"मॅडम, एफ१२ दाबून काहीच होत नाहीये. थेट विंडोजच येतंय."

"कंपनी कुठली आहे ते बघा. काहींना एफ९ लागतं, काहींना एस्केप, एफ११. चालू केल्याकेल्या कोपऱ्यात क्षणभर लिहून येतं."

"थांबा, एका पोराला बघायला उभा करतो."

मी फोन कानाला लावून थांबले. पलीकडून एक बारीक आवाज आला, "गुरुजी, एस्केप! एस्केप लिहिलंय!"